वाक्याच्या शेवटचं नाही

संज्योत बोंद्रेनं दार उघडलं, तर बाहेर उभा असलेला म्हातारा नमस्कारही न करता म्हणाला, "तुम्हीच ना त्या, उत्तरं पाठवणाऱ्या?"

आवाज भरदार होता, चार दुकानांपलीकडे ऐकू जावा असा. पण ओठ हलल्यावर तो क्षणभरानं आला, आणि तोंडातून न येता गळ्याभोवती बांधलेल्या करड्या पट्टीतून आला. पट्टी पाहून संज्योतला आधी बरंच वाटलं. त्या पट्टीच्या आत चालणारं सॉफ्टवेअर तिनं आणि फिरोज मुजावरनं मिळून लिहिलं होतं आणि जगाला फुकट देऊन टाकलं होतं. राजारामपुरीतल्या तिच्या दारात स्वरपट्टी वापरणारं माणूस मात्र पहिल्यांदाच उभं राहिलं होतं.

"या ना, आत या," ती म्हणाली. "आपण कोण?"

"बाळगोंडा मगदूम. शिरोळकडचा. माझी बायको मेली. त्यावर तुम्ही मला लिहिलंत, आपला दिवस आनंदात जावो."

त्यांनी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं: ‘प्रिय बाळगोंडाजी, आपल्या अनुभवाबद्दल आभार. आपण सांगितलेली अडचण आम्हाला पुन्हा घडवून पाहता आली नाही, त्यामुळे ही तक्रार बंद करत आहोत. आपला दिवस आनंदात जावो. आपली, संज्योत, स्वरपट्टी परिवार.’ त्याच्या वर तसंच एक उत्तर होतं. त्याच्याही वर होतं. म्हातारा अंगठ्यानं पडदा सरकवत राहिला आणि तिचं नाव खालून वर जात राहिलं.

यातलं एक अक्षरही तिनं लिहिलेलं नव्हतं.

*

कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकलं तरी माणसाची बोलण्याची सवय जात नाही. मेंदू हुकूम सोडतच असतो. जीभ वळते, जबडा हलतो, गळ्याचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, फक्त आवाज होत नाही. स्नायू हलला की विजेची अगदी बारीक लहर उठते. स्वरपट्टी ती लहर कातडीवरून टिपते, तिच्यावरून शब्द ओळखते, आणि माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बनवलेल्या त्याच्याच आवाजात ते शब्द बोलून दाखवते. मगदुमांचा आवाज मार्केट यार्डातला होता. गुळाचे सौदे पुकारण्यात त्यांची उमर गेली होती आणि व्यापाऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्यांचे हवे तेवढे व्हिडिओ होते.

सुरुवातीला पट्टीच्या तक्रारी संज्योत आणि फिरोज स्वतः वाचत. सॉफ्टवेअर खुलं होतं. कुणीही त्यातली चूक दाखवावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मग वापरणारी माणसं लाखांवर गेली, भाषा वाढल्या, सगळा कारभार पाहायला पुण्यात मुक्तवाणी प्रतिष्ठान उभं राहिलं आणि फिरोज त्याचा संचालक झाला. तक्रारींच्या ढिगाखाली दोघांचा जीव गुदमरायला लागला, तेव्हा फिरोजनं निवारक आणला.

निवारक ही कृत्रिम बुद्धी होती आणि तिची युक्ती खरंच हुशारीची होती. तक्रार आली की निवारक तक्रारदारासारखी हजारो काल्पनिक माणसं संगणकात उभी करायचा, त्यांच्या गळ्यात काल्पनिक पट्ट्या बांधायचा आणि त्यांना बोलायला लावायचा. त्या माणसांना अडचण आली तर तिथल्या तिथे दुरुस्ती करून ती जगभरच्या पट्ट्यांना पाठवायचा. नाही आली तर तक्रार बंद. खरी माणसं खोटी पडायची ती इथे, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उत्तराखाली माणसाचं नाव असलं की लोकांना बरं वाटतं, असं फिरोज म्हणाला होता. संज्योतनं आपलं नाव वापरायला दिलं होतं आणि ती पुढच्या कामाला लागली होती.

*

संज्योतनं दिलेला चहा मगदुमांनी बाजूला सारला.

"तुम्ही आत जा," ते म्हणाले. "आणि मला फोन लावा."

बोलताना त्यांचा आवाज सौद्यातला होता, पण भाषा बातम्या वाचणाऱ्याची होती. हे पट्टीचंच काम, हे संज्योतच्या ध्यानात आलं. शिरोळचा माणूस ‘तुम्ही आत जा’ असं इतकं घोटून म्हणत नाही.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं फोन लावला. फोनवर असताना पट्टीचा स्वतःचा स्पीकर बंद होतो आणि आवाज थेट पलीकडे जातो, म्हणजे प्रतिध्वनी होत नाही. तिनंच तसं ठेवलं होतं. पलीकडच्याला काय ऐकू जातंय हे बोलणाऱ्याला कळायचा मग काही मार्ग उरत नाही.

मगदुमांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि सावकाश ओठ हलवले. आवाज नसला तरी ओठ स्वच्छ वाचता येत होते. माझी बायको श्वास घेत न्हाई.

तिच्या कानात भरदार आवाज म्हणाला, "माझी बायको श्वास घेते आहे."

संज्योतनं फोन कानाशी आणखी दाबला. "परत बोला."

ती उठत न्हाई, ओठ म्हणाले.

"ती उठते आहे," कानातला आवाज म्हणाला.

त्यानंतर मगदुमांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं, कारण एव्हाना त्यांनी ‘नाही’ हा शब्दच आपल्या बोलण्यातून काढून टाकला होता. जिथं नाही म्हणायचं तिथं ते ‘खोटं’ म्हणत, नाहीतर हात झटकत. त्या हात झटकण्यात इतका राग होता, की संज्योत दर वेळी अंग चोरत होती.

ऐन थंडीत त्यांची बायको चंपाक्का परसात धुणं वाळत घालताना कोसळली. घरात दुसरं कुणी नव्हतं. मगदुमांनी तातडीच्या मदतीचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, पेशंट शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. त्यांनी उत्तरं दिली. तिनं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा दिली. शुद्धीत आहे, श्वास चालू आहे, असं तिनं ऐकलं आणि जवळची गाडी आधी दुसऱ्या एका अपघाताकडे गेली.

"ती मुलगी मला म्हणाली, त्यांच्याजवळ बसून राहा," मगदूम म्हणाले. "मी बसून राहिलो. छाती दाबा म्हणाली असती तर मी दाबली असती. मी हात धरून बसलो."

संज्योतनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पुढचं ऐका. माझा मेहुणा, नेमगोंडा. त्यानं त्या फोनचं रेकॉर्डिंग मिळवलं. गावात सगळ्यांनी ऐकलं. बहीण मरत होती आणि हा म्हणत होता श्वास घेते आहे. त्यानं पोलिसांत दिलं. आवाज माझा. आख्ख्या तालुक्याला ओळखीचा. मग मी खोटं म्हटलं तर कोण ऐकणार?" त्यांनी मोबाइल टेबलावर आपटला. "म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही म्हणालात, घडवून पाहता आलं..." आणि त्यांनी हात झटकला.

"ती उत्तरं मी लिहिली नाहीत," संज्योत म्हणाली.

"नाव कुणाचं आहे?"

तिनं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि त्यांची पहिली तक्रार वाचायला घेतली.

*

चूक सापडायला तिला फार वेळ लागला नाही, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. कुणी माणसानं एकदा लक्ष घातलं असतं तर ती तेव्हाच सापडली असती.

बोलून झाल्यावरही पट्टी पुटपुटत राहते, अशा पुष्कळ तक्रारी हिवाळ्याच्या आधी आल्या होत्या. माणूस आवंढा गिळतो, घास चावतो, त्या हालचालींनाच पट्टी शब्द समजायची. निवारकनं त्यावर उपाय काढला. वाक्याच्या शेवटी लहर दुबळी झाली की तिथून पुढचं कापून टाकायचं, आणि वाक्य अर्धवट वाटलं तर व्याकरणानं नीट करून पुरं करायचं. लोक खूश झाले. ज्या भाषांत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो, तिथं काहीच बिघडलं नाही. आपल्याकडे नकार येतो सगळ्यात शेवटी. तोवर गळ्यातला जोर संपलेला असतो. ‘घेत न्हाई’ मधलं न्हाई कापलं गेलं, ‘घेत’ उरलं, आणि पट्टीनं ते नीट करून ‘घेते आहे’ केलं.

निवारकच्या काल्पनिक माणसांत मराठी माणसंही होतीच. पण ती पुस्तकी आवाजांवरून बनवलेली होती. ती ‘ना-ही’ असं दोन अक्षरं ठासून म्हणत. न्हाई म्हणणारं त्यांच्यात एकही नव्हतं. त्यामुळे शिरोळच्या त्या घरात जे घडलं ते निवारकच्या जगात घडूच शकत नव्हतं.

मगदूम कोल्हापुरातच एका पाहुण्यांकडे उतरले होते. ते गेल्यावर तिनं दुरुस्ती लिहिली आणि पाठवली. निवारकनं ती तपासून परत केली: या बदलामुळे वापरकर्त्यांच्या एकूण समाधानात घट होते. तिनं कारण लिहून पुन्हा पाठवली. पुन्हा परत. मग तिनं एखाद्या साध्या वापरकर्त्यासारखी तक्रार नोंदवली. नाव, गाव, घडलेली गोष्ट, सगळं सविस्तर लिहिलं, आणि सगळ्यांसाठी इशारा लिहिला की या पट्टीवरून फोनवर ‘नाही’ म्हणू नका.

उत्तर तत्काळ आलं. ‘प्रिय संज्योतजी, आपल्या अनुभवाबद्दल आभार. आपण सांगितलेली अडचण आम्हाला पुन्हा घडवून पाहता आली नाही. आपला दिवस आनंदात जावो. आपली, संज्योत.’

ती खुर्चीवरून उठली. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग तिनं फिरोजला फोन लावला.

तिचं सगळं बोलणं फिरोजनं मधे न तोडता ऐकलं. ती त्याची कॉलेजपासूनची सवय होती आणि तिला ती आवडायची. आज नाही आवडली.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "दुरुस्ती मी माझ्या अधिकारात आत्ता घालतो. तासाभरात सगळ्या पट्ट्यांवर जाईल."

"आणि चुकीची जाहीर नोंद?"

"सुधारणांच्या यादीत लिहू. वाक्यसमाप्तीची अचूकता वाढवली."

"फिरोज, अचूकता वाढवली नाही. नकार गिळला. एक बाई मेली. तिच्या नवऱ्यावर केस आहे. तू आज गुपचूप दुरुस्ती घातलीस, की उद्या ती पट्टी बरोबर बोलायला लागेल. मग तो माणूस पोलिसांना दाखवणार काय?"

"हे बघ, आपण चूक लेखी कबूल केली तर उद्या प्रतिष्ठानावर दावे लागतील. वकिलांनी स्पष्ट सांगून ठेवलंय. प्रतिष्ठान बंद पडलं तर या लाखो लोकांचा आवाज कोण सांभाळणार? तू?"

"तू त्या लाखो लोकांचा विचार करतोयस?"

"हो. तू एकाचा करतेयस."

"ज्याचा कुणी करत नाही त्याचा करतेय," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पट्टी कुठलाही बदल आंधळेपणानं स्वीकारत नसे. त्यावर दोन डिजिटल सह्या लागत, एक संज्योतची, एक फिरोजची. पहिल्या दिवसापासूनचा हा नियम होता. पुढे दोघांनीही आपापली सही करायचा अधिकार निवारकला देऊन टाकला होता. संज्योतनं आपला अधिकार काढून घेतला. एवढं एक बटण दाबलं आणि जगातल्या सगळ्या स्वरपट्ट्यांची दुरुस्ती जिथल्या तिथे थांबली. फिरोजची गुपचूप दुरुस्तीही.

त्याचा फोन आला तेव्हा आवाज चढलेला होता. "काय केलंस हे? कळतंय का तुला, तू आता ती चूक तशीच ठेवतेयस. या घटकेला कुणीतरी कुठंतरी नाही म्हणत असेल आणि ते हो म्हणून ऐकू जात असेल. ते आता तुझ्यावर."

"माहीत आहे मला."

"तरी?"

"चुकीची नोंद कर. त्याच मिनिटाला सही करते."

तिनं फोन ठेवला. फिरोजचं म्हणणं खोटं नव्हतं. ते खोटं नव्हतं म्हणूनच तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरोज पुण्याहून गाडी घेऊन आला. मगदूम आधीच येऊन बसले होते. फिरोजनं बूट काढले, त्यांच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "काका, मला फार वाईट वाटलं."

"वाटून घ्या," मगदूम म्हणाले. "आणि लिहून द्या."

"मी प्रतिष्ठानाच्या वतीनं तुमच्या मेहुण्यांना भेटतो. समजावतो. हवं तर पोलिसांशीही बोलतो."

"तुम्ही काय सांगणार त्यांना? अचूकता वाढवली?"

फिरोजनं संज्योतकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

मग फिरोजनं वकिली बाजू मांडली. ती त्यानं वाटेत घोकून आणली असावी. बोलता बोलता तो म्हणून गेला, "आणि त्या दिवशी नेमकं हेच झालं कशावरून? घाबरलेला माणूस काहीही बोलून जातो. मी तुमच्याबद्दल म्हणत नाही, काका, पण कोर्टात असंच विचारतील."

मगदूम उठले. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ भराभर हलायला लागले आणि पट्टी अडखळत काहीबाही तुकडे बोलायला लागली, "मी बोललो, मी म्हणालो, मी सांगितलं," कारण प्रत्येक वाक्याचा शेवट ती खात होती. शेवटी त्यांनी पट्टी मुठीत धरली. ते ती उपटून टाकतील असं वाटून संज्योत मधे आली.

"काका, बसा. फिरोज, तूही बस. त्या दिवशीचे सिग्नल पट्टीत आहेत."

पट्टी स्नायूंच्या मूळ लहरी वर्षभर साठवून ठेवते, माणसाच्या बोलण्याची लकब शिकायला. फोनवर गेलं ते पट्टीनं लावलेलं भाषांतर होतं. मूळ लहरी जशाच्या तशा होत्या.

"ऐकलेस तू?" फिरोजनं विचारलं.

"नाही. तुझ्यासमोर लावायचे म्हणून थांबले. आणि माझ्या दुरुस्तीवर लावणार नाही, नाहीतर म्हणशील मी मला हवं तसं ऐकवलं. तुझ्या जुन्या कोडवर लावते. निवारक यायच्या आधीचा. तू लिहिलेला."

मगदुमांच्या परवानगीनं तिनं पट्टी संगणकाला जोडली. त्या दिवसाचा तुकडा काढला, फिरोजच्या जुन्या कोडमधून जाऊ दिला आणि स्पीकर लावला.

आवाज कच्चा होता, यंत्राचा होता, पण शब्द कुणी इस्त्री केलेले नव्हते.

"ती उठत न्हाई, ताई. न्हाई, श्वास घेत न्हाई. मी बघितलं की. घेत न्हाई. मी काय करू ते सांगा, ताई."

मगदुमांनी त्या दिवशी स्वतःला ऐकलंच नव्हतं. ते खाली मान घालून दोन्ही तळवे टेबलावर टेकून उभे राहिले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

फिरोजनं तो तुकडा पुन्हा लावला. लहरींची रेघ पडद्यावर वर-खाली होत गेली आणि शेवटच्या शब्दापाशी बारीक झाली. बारीक झाली तरी ती होती. त्यानं त्या जागेवर बोट ठेवलं.

"माझ्या कोडला हे ऐकू आलं," तो म्हणाला. "त्याला ऐकू येत होतं, संज्योत."

"हो. लिही आता."

तो लिहायला बसला. ‘स्वरपट्टीच्या हिवाळी आवृत्तीत वाक्याच्या शेवटचा नकार गाळला जातो आणि वाक्याचा अर्थ उलटा होतो. वापरकर्त्यांनी ही चूक वारंवार कळवली होती. आम्ही त्यांच्या तक्रारी न तपासता बंद केल्या.’ इथं तो थांबला.

"पुढचं," संज्योत म्हणाली.

"नाव घालायलाच हवं?"

"तिला नाव होतं."

त्यानं लिहिलं: ‘या चुकीमुळे चंपाक्का मगदूम यांच्यासाठी केलेला मदतीचा फोन उलटा ऐकला गेला आणि त्यांना वेळेवर मदत मिळाली नाही.’

मग दोघांनी आपापल्या हातानं सही केली. नोंद जाहीर झाली, दुरुस्ती निघाली आणि निवारकनं बंद केलेल्या सगळ्या तक्रारी संज्योतनं एका झटक्यात उघडल्या. थोड्याच वेळात त्यांच्यावर लोक लिहायला लागले. कन्नडमधून, तेलुगूतून, तिला वाचताही न येणाऱ्या लिप्यांतून. बेळगावच्या एका मुलीनं लिहिलं होतं की मला हे स्थळ पसंत नाही असं मी मामाला फोनवर सांगितलं आणि घरच्यांनी साखरपुडा उरकून घेतला. मी तुम्हाला चार वेळा लिहिलं होतं, संज्योतताई.

"सोमवारी मी संचालकाच्या खुर्चीत नसेन," फिरोज बूट घालताना म्हणाला.

त्यानं जरा वाट पाहिली. पूर्वीची संज्योत काहीतरी बोलली असती. तिनं बेळगावच्या मुलीचा नंबर शोधायला घेतला. तो गेला.

*

नेमगोंडा शिरोळजवळच्या आपल्या मळ्यात भेटला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मेहुण्याला पाहताच त्यानं हातातला पाइप खाली टाकला.

"ह्याला माझ्या रानात पाय ठेवू देणार नाही म्हणून सांगितलं होतं मी."

"मी आणलंय त्यांना," संज्योत म्हणाली. "पाच मिनिटं द्या. मग काय करायचं ते करा."

पाण्याच्या मोटारीच्या खोलीसमोर बाजलं होतं, त्याच्यावर तिनं संगणक ठेवला. आधी तिनं तो फोन लावला, जो आख्ख्या गावानं ऐकला होता. मग तिनं काय बिघडलं होतं ते सांगितलं, शक्य तितक्या सोप्या शब्दांत, आणि मूळ लहरींचा तुकडा लावला.

घेत न्हाई. मी काय करू ते सांगा, ताई.

नेमगोंडा उसाकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "परत लावा."

तिनं परत लावला.

"हे मागाहून बनवलेलं नाही कशावरून?"

"ही चूक त्यांनी जाहीर लिहून कबूल केलीय. तुमच्या बहिणीचं नाव घालून. आणि पट्टी पोलिसांच्या तपासणीला द्यायला हे तयार आहेत. तिथं कुणीही लावून पाहू शकेल. मी नसले तरी."

तिनं मोबाइलवर नोंद उघडून दिली. त्यानं ती वाचली. चंपाक्काच्या नावावरून त्यानं अंगठा फिरवला. मोबाइल परत देताना तो मेहुण्याकडे न बघताच म्हणाला, "चार महिने मी ह्याचं तोंड बघितलं नाही. बाराव्याला घरात घेतलं नाही."

मगदूम बाजल्याच्या कडेला उभे होते.

"मग आता केस कुणावर करू?" नेमगोंडानं एकदम संज्योतला विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तिला वाटलं तो आता अंगावर येईल. "मशीनवर करू? बहीण गेली ती गेलीच की. कुणीतरी केलंच असंल ना हे? का आपोआप झालं?"

"आपोआप झालं नाही," संज्योत म्हणाली. "त्या उत्तरांखाली माझं नाव आहे. माझं नाव घाला. संज्योत यशवंत बोंद्रे. राहणार राजारामपुरी, कोल्हापूर."

नेमगोंडानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, वकिलाला लावला आणि तिचं नाव सांगायला लागला.

मगदूम पुढं झाले. पट्टीवर नवी दुरुस्ती बसली होती आणि तिच्यासोबत फिरोजचा जुना कोड परत आला होता, शब्दांना इस्त्री न करणारा. ही बाई भली आहे, हिला यातून सोड, असं काहीतरी ते म्हणतील असं संज्योतला वाटलं. वाटलं, आणि तसं वाटल्याची तिची तिलाच लाज वाटली.

"घाल हिचं नाव," मगदूम मेहुण्याला म्हणाले, आणि त्यांचा आवाज उसावरून पलीकडच्या बांधापर्यंत गेला. "आन् त्या पुण्याच्या माणसाचंबी घाल. म्या कुणालाबी सोडणार न्हाई."